ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला गेलेली चीर

मंडळी, कात्रजचा घाट चढताना इंजिनवर ताण असतो. त्यात ब्लॉकच्या बारीक चिरेतून तेल गळून पातळी खाली गेली, तर इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही.

तर पहिला प्रश्न, चीर आहे कुठे? तेल दाबाने वाहतं त्या मार्गावर किंवा बेअरिंगपाशी असेल, तर इपॉक्सीवर भरवसा नको. तिथे वेल्डिंग, नाहीतर ब्लॉक बदलणं. बाहेरच्या भिंतीतून तेल नुसतं पाझरत असेल, तर धातूची पूड घातलेलं इपॉक्सी चालतं.

आधी तेल काढून चिरेची टोकं शोधू. लाल डाय लावून पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर मारला की रेघ उमटते. दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं. टोकावर एकवटलेला ताण भोकाच्या गोलाईवर पसरतो, चीर पुढे धावत नाही. मात्र ड्रिलला ग्रीस लावा. चुरा आत पडला तर बेअरिंग खातो. मग चीर व्हीच्या आकारात खरवडायची.

खरी मेहनत सफाईची. ओतीव धातूच्या छिद्रांत तेल मुरलेलं असतं. सॉल्व्हंटने धुवायचं, हलकं तापवायचं, वर आलेलं तेल पुन्हा पुसायचं. तेलकट जागी काहीच धरत नाही.

वेल्डिंगला इंजिन खोलावं लागतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, वरचा ऑक्साइडचा पापुद्रा मात्र २००० अंशांच्याही वर. तो फोडायला एसी करंटवरचं आर्गन वेल्डिंग लागतं. शिवाय हा धातू लाल न होताच वितळतो, म्हणून हात सरावाचाच हवा.

दुरुस्तीनंतर काही दिवस रोज डिपस्टिक बघायची. घाटात जायचं ते त्यानंतर.