मानेवर सूज नाही, म्हणजे गाय निरोगी?

समजा, गंगाखेडला तुम्ही एक लाल कंधारी गाय विकत घेताय. विकणारा म्हणतो, "टीबीची टेस्ट झालीय, मानेवर जरासुद्धा सूज नाही." लगेच पैसे मोजू नका.

या टेस्टमध्ये टीबीच्या जंतूंपासून काढलेली प्रथिनं, म्हणजे ट्यूबरक्युलिन, थेंबभर मानेच्या कातडीत टोचतात. कातडीची घडी आधी मोजतात आणि 72 तासांनी पुन्हा. घडी 4 मिलिमीटर किंवा जास्त वाढली, तर जनावर पॉझिटिव्ह. मधमाशी चावली की मिनिटांत सुजतं, मग इथं तीन दिवस कशाला? कारण हे काम टी-पेशींचं. जंतूची आधीच ओळख झालेल्या टी-पेशी तिथं पोचणार, बाकीच्या पेशींना बोलावणार, मग सूज. म्हणून नाव विलंबित अतिसंवेदनशीलता. 1942 साली लँडस्टायनर आणि चेस यांनी गिनीपिगमध्ये दाखवलं, की ही संवेदनशीलता पेशींबरोबर दुसऱ्या प्राण्यात जाते, नुसत्या सीरमबरोबर जात नाही.

मग अँटीबॉडीचा काहीच संबंध नाही? आहे की, पण उलटा! 1974 च्या सुमारास मॅकॅनेस, लाग्रांज आणि सहकाऱ्यांनी उंदरांना मेंढीच्या तांबड्या पेशी टोचल्या. डोस थोडा, तर विलंबित सूज जोरात. डोस मोठा, तर अँटीबॉडी भरपूर आणि सूज दबलेली. अशा उंदरांचं सीरम दुसऱ्यांना दिलं, तर त्यांचीही सूज दबली. अँटीजन आणि अँटीबॉडी एकमेकांना चिकटून जे गठ्ठे होतात, ते टी-पेशींना आवर घालतात, असा त्यांचा अर्थ. (आज आपण यात नियामक टी-पेशीही धरतो. प्रकरण तेवढं सोपं राहिलेलं नाही.)

उंदराचं गणित गायीला जसंच्या तसं लागू होत नाही, पण गोठ्यात चित्र तसंच दिसतं. रोग अंगभर पसरलेल्या जनावरात अँटीजन भरमसाट, रक्तात अँटीबॉडी भरपूर, आणि मानेवर काहीच नाही. याला ॲनर्जी म्हणतात. म्हणजे सगळ्यात जास्त जंतू पसरवणारी गायच टेस्टमधून सुटू शकते! अशा वेळी रक्तातल्या अँटीबॉडीची तपासणी कामी येते.

दुसरी गोष्ट, टोचलेलं ट्यूबरक्युलिन हेही अँटीजनच. त्यानं पुढचे काही आठवडे कातडीचा प्रतिसाद मंदावतो, म्हणून युरोपात दोन टेस्टमध्ये किमान 42 दिवस ठेवतात. नुकत्याच व्यालेल्या गायीतही सूज कमी येऊ शकते.

तेव्हा विचारा: टेस्ट कधी झाली, त्याआधीची कधी, गाय कधी व्याली, आणि गोठ्यातल्या बाकीच्या जनावरांचं काय. उत्तरं पटेपर्यंत तिला आपल्या जनावरांत बांधू नका, आणि दूध उकळूनच प्या.