खोट्या नाण्याची पारख

मंडळी, जुन्या काळी आठवड्याच्या बाजारात चांदीचा रुपया हाती आला की शेतकरी तो तसाच कनवटीला लावीत नसे. आधी दगडावर टाकून बघे. खणकन वाजला तर खरा, बद्द वाजला तर देणाऱ्याला परत. हा अविश्वास नव्हता, व्यवहार होता. कारण खोटे नाणे पाडणारा माणूस साडेतीन रुपयांचे नाणे कधीच पाडीत नाही. जे नाणे बाजारात चालते, ज्याला किंमत आहे, त्याचीच तो नक्कल करतो.

धर्माच्या आणि मनाच्या बाजारातही हेच घडते. वाईट गोष्ट वाईट म्हणूनच दारात आली तर तिला ओळखायला फारशी अक्कल लागत नाही. फसगत होते ती चांगल्याच्या वेषात आलेल्या वाइटाने. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात इशारा दिला आहे की सैतानसुद्धा प्रकाशाच्या दूताचे रूप घेतो. आजचे भाषण या विषयावरच्या ख्रिस्ती विचाराला धरून आहे. पण पारख करण्याची गरज कोणा एका धर्माच्या माणसाला असते असे थोडेच आहे?

प्रथम एक शब्द पाहू या. आपण ज्याला मोह म्हणतो, त्यासाठी मराठी बायबलात अनेक ठिकाणी 'परीक्षा' असा शब्द आला आहे. मूळ ग्रीक शब्द 'पैरास्मोस'. त्याचे अर्थ दोन : पारखून पाहणे आणि पापाकडे ओढणे. शिक्षक बंधुभगिनींना हे चटकन उमगेल. गुरुजी परीक्षा घेतात ती मूल वरच्या वर्गात जावे म्हणून. सैतान परीक्षा घेतो ती माणूस नापास व्हावा म्हणून. प्रसंग तोच, घेणाऱ्याचा हेतू निराळा. म्हणून मोह मनात येणे हे पाप नव्हे, असे ख्रिस्ती धर्म मानतो. स्वतः येशूची परीक्षा झाली. पाप घडते ते आपण मान डोलावली म्हणजे.

आता पारख करावयाची कशी? पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात योहान कॅसियन नावाच्या एका साधूने लॅटिन भाषेत चोवीस संवाद लिहिले. तरुणपणी तो इजिप्तच्या वाळवंटात तेथील तपस्व्यांच्या सहवासात राहिला होता. त्यांच्याकडून ऐकलेले त्याने पुढे लिहून काढले. पहिल्याच संवादात मोशे नावाचा एक वृद्ध तपस्वी सांगतो की मनात येणाऱ्या प्रत्येक विचाराकडे सराफाच्या नजरेने पाहावे. सराफ नाण्याच्या चार गोष्टी तपासतो : धातू, छाप, टाकसाळ आणि वजन. याच चार पायऱ्यांनी आपणही जाऊ.

पहिली गोष्ट धातू. वरून पिवळे दिसते ते सोने आहे की पितळ? ख्रिस्ती मंडळ्या अगदी बाल्यावस्थेत होत्या तेव्हा गावोगाव फिरणारे उपदेशक येत. काही खरे, काही पोटार्थी. साध्या लोकांनी त्यांना ओळखावे कसे? 'दिदाखे' म्हणजे 'शिकवण' नावाची एक छोटी पुस्तिका त्या काळची आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी ती लिहिली गेली असावी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तिची हस्तलिखित प्रत कॉन्स्टॅन्टिनोपल येथे १८७३ साली सापडली आणि १८८३ साली ती छापून निघाली. तीतले नियम इतके रोखठोक आहेत की आपल्या चावडीवर बसून लिहिले असावेत असे वाटते. पाहुण्या उपदेशकाचे स्वागत प्रभूसारखे करा. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही हलेना तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घेईल. पैसे मागू लागला तर खोटा. अंगात आल्यासारखे करून ताट वाढायला लावील आणि स्वतःच जेवायला बसेल तर तोही खोटा. खरे शिकवतो पण तसे वागत नाही, तोही त्यातलाच. मात्र दुसऱ्या कोणा गरजवंतासाठी मागत असेल, तर त्याला कोणी दोष देऊ नये.

पाहा, या नियमांत मोठे तत्त्वज्ञान कुठेच नाही. उपदेश किती गोड, चमत्कार किती मोठा, हे ते विचारीत नाहीत. शेवटी ताट कुणापुढे जाते, एवढेच विचारतात. झाड फळावरून ओळखावे, ही येशूची शिकवण त्यांनी भाकरीच्या हिशेबात उतरवली.

दुसरी गोष्ट छाप. धातू अस्सल असतो, पण त्यावर चेहरा भलत्याच राजाचा उठवलेला असतो. म्हणजे वचन खरे, उपयोग खोटा. मत्तयाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर येशूला भूक लागली आणि सैतान जवळ आला. आधी तो भाकरीची गोष्ट काढतो. तेथे जमले नाही, तेव्हा तो येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाक म्हणतो. आणि आधार कशाचा देतो? पवित्र शास्त्राचाच! स्तोत्रसंहितेतील एक्याण्णवाव्या स्तोत्रात देवदूत भक्ताला सांभाळतील असे अभिवचन आहे, ते तो म्हणून दाखवतो. त्याच स्तोत्रात लगेच पुढे सर्पाला पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे. तिथपर्यंत मात्र तो जात नाही. सोयीचे तेवढे म्हणतो आणि थांबतो.

येशू वाद घालीत बसत नाही. देवाची परीक्षा पाहू नये, हे अनुवादाच्या पुस्तकातले दुसरे वचन तो समोर ठेवतो. एक वचन दुसऱ्याच्या शेजारी ठेवून वाचावे, हा त्यातला धडा. कोणी एकच ओळ तोडून आणील आणि तिच्या बळावर तुमच्याकडून काही करवून घेऊ पाहील, तर त्याला शांतपणे म्हणावे, "बाबा, मागचे-पुढचेही वाच की!" खऱ्याला याचा राग येत नाही.

तिसरी गोष्ट टाकसाळ. नाणे कुठे पाडले? कधी कधी फसवणारा बाहेरचा नसतोच. आपलीच भक्ती, आपलाच उत्साह घरच्या घरी नाणी पाडू लागतो. कॅसियनने हेरोन नावाच्या तपस्व्याची हकीकत दिली आहे. पन्नास वर्षे हा गृहस्थ वाळवंटात राहिला. उपवासात त्याची बरोबरी कोणी करू शकत नसे. ईस्टरच्या सणाला सारे तपस्वी एकत्र जमत, तेव्हाही हा जात नसे. चार घास जास्त खावे लागले तर नेम मोडेल, ही धास्ती! कोणाचा सल्ला म्हणून घ्यायचा नाही. शेवटी प्रकाशाचा दूत समजून तो ज्याच्यापुढे वाकला, त्याने त्याला सांगितले की तुझे पुण्य एवढे झाले आहे की आता तुला अपाय होणे नाही. म्हाताऱ्याने मध्यरात्री खोल विहिरीत उडी टाकली. भावांनी मोठ्या कष्टाने अर्धमेला वर काढला. तिसऱ्या दिवशी तो वारला. आणि सर्वांत दुःखाची गोष्ट अशी, की आपण फसलो हे त्याने शेवटपर्यंत कबूल केले नाही.

उपवास वाईट होता काय? नाही. पण जो उपवास माणसाला भावांच्या पंगतीतून उठवतो, त्याची टाकसाळ तपासून घ्यावी.

याच जातीची एक हलकीफुलकी गोष्ट संत इग्नेशियस लोयोला यांच्या आत्मकथनात आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला हा स्पॅनिश सरदार पुढे तिशी ओलांडल्यावर बार्सिलोना येथे लॅटिन व्याकरण शिकायला बसला. रूपे पाठ करायला घेतली की त्याच्या मनात भक्तीचे सुंदर सुंदर विचार दाटून येत. पाठांतर राहून जाई. त्याने विचार केला : प्रार्थनेला बसतो तेव्हा एवढा प्रकाश पडत नाही आणि नेमका व्याकरणाच्या वेळीच कसा पडतो? हा मोह आहे हे त्याने ओळखले. तडक शिक्षकाकडे जाऊन सर्व सांगितले आणि वचन दिले की बार्सिलोनात भाकरी-पाणी मिळेल तोवर दोन वर्षे मी तुमचा एकही तास चुकवणार नाही. मग ते विचार थांबले. वर्गातल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. चांगला विचारसुद्धा हातचे कर्तव्य सोडवायला आला असेल, तर तो कुठून आला हे विचारावे.

चौथी गोष्ट वजन. नाणे अस्सल, छाप बरोबर, टाकसाळही खरी, पण घासून घासून हलके झालेले. सत्कृत्याला झिजवणारी ही कानस म्हणजे बढाई. दान करताना आपल्यापुढे कर्णा वाजवू नये, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले ते याचसाठी. देवळाला, शाळेला शंभर रुपये दिले आणि वर्षभर त्याचीच कथा सांगितली, तर हाती किती उरले हे ज्याने त्याने तोलून पाहावे.

ओळखले, पण परतवायचे कसे? याही बाबतीत जुन्या लोकांचे अनुभव उपयोगी आहेत. इजिप्तमध्ये ३९९ साली निवर्तलेला एवाग्रियस हा विद्वान तपस्वी 'दुपारच्या भुता'चे वर्णन करतो. दुपारी तपस्व्याला वाटते की सूर्य हलतच नाही. तो सारखा खिडकीतून डोकावतो, जेवणाची वेळ झाली का बघतो. मग ही जागाच नको वाटते. दुसरीकडे गेलो तर बरे होईल, इथे कोणाला आपली कदर नाही, असे विचार येतात. शिक्षकमंडळी, दुपारचा शेवटचा तास आणि बदलीचा अर्ज आठवला की नाही? एवाग्रियसचा उपाय साधा आहे : त्या घडीला जागा सोडू नये, हातातले काम पुरे करावे. इग्नेशियसचाही नियम तोच. मन अंधारात असताना, उजेडात केलेला निश्चय बदलू नये. बदलायचाच असेल तर मन शांत झाल्यावर बदलावा.

इग्नेशियसने आणखी दोन दाखले दिले आहेत. शत्रू सेनापतीसारखा किल्ल्याभोवती फिरतो आणि तट जिथे कच्चा असेल तिथेच घाव घालतो. म्हणून आपला कच्चा तट कोणता, लोभ की राग की मान, हे आपणांस आधी ठाऊक पाहिजे. आणि दुसरे असे, की कुणाच्या लेकीसुनेला नादी लावणारा लबाड माणूस जसा "घरी बोलू नकोस" म्हणतो, तसा मोहही गुप्तता मागतो. शहाण्या, विश्वासू माणसाजवळ एकदा बोलून टाकले की त्याचे निम्मे बळ सरते.

ही गुप्तता केवढा घात करते त्याचे उदाहरण फार जुने नाही. अमेरिकेत जिम जोन्स नावाच्या उपदेशकाने १९५० नंतरच्या दशकात एक पंथ काढला. काळे-गोरे एकत्र बसत, गरिबांना जेवण मिळे. काम चांगले दिसे. पण रोग बरे केल्याचे खोटे देखावेही होत. पुढे त्याने अनुयायांना दक्षिण अमेरिकेतील गयाना देशाच्या जंगलात नेले. तेथे त्यांचे पासपोर्ट काढून घेतले, पत्रे तपासली, बाहेरच्या जगाशी संबंध तोडला. १८ नोव्हेंबर १९७८ या एका दिवशी नऊशेहून अधिक माणसे प्राणास मुकली, बहुतेक विषाने. त्यांत सुमारे एकतृतीयांश लहान मुले होती. धातू पारखायला, छाप बघायला, कोणाला विचारायला त्या माणसांना वावच ठेवला नव्हता.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगावयास हवी. प्रत्येक संकटामागे सैतान शोधू नये. ताप आला, फेफरे आले, मन खचून झोप उडाली, तर आधी डॉक्टरकडे जावे. लूक हा स्वतः वैद्य होता, असे पौलाच्या पत्रावरून दिसते. प्रार्थनेचे आणि औषधाचे वैर नाही. "औषध बंद कर, तरच देव पावेल" असे म्हणणारा कुठल्याही धर्माचा असो, त्याचे नाणे बद्द वाजते. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. पण कायदा दाराबाहेरच्या भोंदूला धरील. आपल्याच मनातल्या भोंदूला आपणच धरले पाहिजे.

त्यासाठी रात्री दिवा मालवण्यापूर्वी पाच मिनिटे पुरेत. आज कोणत्या विचाराने मला शेजाऱ्याच्या जवळ नेले आणि कोणत्याने दूर? कोणती गोष्ट मी घरात लपवली? कोणत्या ठिकाणी नाही म्हणावयाचे होते आणि मी हो म्हटले? इग्नेशियसने असा आढावा रोज घ्यायला सांगितले. मुलांच्या वह्या आपण रोज तपासतोच. तीत एक वही आपली स्वतःची घालावी, म्हणजे झाले.