थांबण्यासाठी लावलेली मोटर

मोटर बंद होते तो क्षण डोळे भरून पाहावा असा असतो. तोवर नाकाशी गरगरणारी पाती एकदम थबकतात आणि उडताना बगळा पाय मागे ताणून घेतो तशी विमानाच्या अंगाला चिकटून बसतात. आवाज मिटतो. दोन मीटर पंखांचं, किलोभर वजनाचं एक यंत्र डोक्यावर शंभर मीटर उंचीवर आहे, त्याला ओढणारं काहीही नाही, आणि ते पडत नाही. खरं उड्डाण इथून सुरू होतं.

खरं तर ते खाली येतच असतं, पण फार सावकाश. ग्लायडर म्हणजे हवेतली लांबलचक घसरगुंडी. चांगलं मॉडेल एक मीटर खाली येईपर्यंत पंधराएक मीटर पुढे जातं आणि सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर उंची गमावतं. शंभर मीटरवरून सोडलं की अगदी स्तब्ध हवेतही दोनशे सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून जास्त, ते तरंगत राहतं. पुण्यात हडपसरच्या केंद्रावर माणसांना घेऊन जाणारे मोठे ग्लायडर विंचच्या दोराने वर खेचले जात आले आहेत. आपल्या मॉडेलची मोटर तेच काम करते. ती वर चढायची शिडी आहे.

या शिडीला लागतं किती? तीन सेलची, २२०० मिलिअँपिअर-अवरची लिथियम पॉलिमर बॅटरी घ्या. मॉडेलवाले तिला लायपो म्हणतात. वजन १८० ग्रॅमच्या आसपास, दाब ११.१ व्होल्ट. तिच्यात २४ वॉट-अवर, म्हणजे सुमारे ८८,००० ज्यूल ऊर्जा मावते, आपल्या मोबाइलच्या बॅटरीपेक्षा थोडीशीच जास्त. आता एक किलो वजन शंभर मीटर उचलायला लागतात फक्त ९८१ ज्यूल. प्रत्यक्षात मोटर दीडशे वॉट खाते (छताचे दोन जुने पंखे खातात तेवढे) आणि वीस सेकंदांत ही उंची गाठते. म्हणजे खर्च झाले ३,००० ज्यूल. त्यातले दोन तृतीयांश तारा तापवण्यात आणि हवा घुसळण्यात गेले, तरी हरकत नाही. लायपो पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून तिच्यातले ७०,००० ज्यूलच वापरू. तरीही वीसहून जास्त वेळा चढता येतं. प्रत्येक चढाईनंतर तीन मिनिटं घसरगुंडी, असं जोडत गेलं की वाऱ्याची कसलीही मदत नसताना तास उलटून जातो. हे गणित मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा चूक शोधत बसलो होतो. चूक नव्हती.

ही सोय फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी १९५७ साली ‘रेडिओ क्वीन’ हे मॉडेल चांदी-जस्ताच्या बॅटरीवर उडवलं, पण पुढची कित्येक वर्षं बॅटऱ्या इतक्या जड होत्या की विमान मुख्यतः त्यांनाच वाहून नेई. फ्रेड मिलिट्की नावाच्या माणसाने मात्र हा नाद सोडला नाही. १९७२ साली ग्राउपनर कंपनीने त्याचं ‘हाय-फ्लाय’ हे इलेक्ट्रिक मॉडेल ग्लायडर बाजारात आणलं. पुढच्याच वर्षी, २१ ऑक्टोबर १९७३ रोजी, ऑस्ट्रियात वेल्स इथे त्याच्याच कल्पनेवर बांधलेल्या एमबी-ई१ या विमानात हाइनो ब्रडिच्का बसला आणि माणूस विमानातून पहिल्यांदा निव्वळ विजेच्या मोटरवर उडाला. आधी मॉडेल, मग माणूस. विजेच्या विमानांची गोष्ट या क्रमाने घडली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता निवड. पहिलं ग्लायडर दोन मीटरचं असावं. त्याहून लहान मॉडेल चपळ होतं, नवख्या हाताला सावरत नाही, आणि लांब गेलं की दिसेनासं होतं. मोठं असेल तर गाडीत मावत नाही. पंख लांब आणि अरुंद हवेत, कारण पंखाच्या टोकाशी खालची हवा वळसा घालून वर निसटते आणि तिथे भोवरे उठतात. टोकाची रुंदी जितकी कमी, तितकी ही गळती कमी. दोन मीटर लांबी आणि सरासरी १८ सेंटिमीटर रुंदी धरली तर पंखाच्या दहा बाय दहा सेंटिमीटरच्या तुकड्याने २८ ग्रॅम पेलायचे, म्हणजे एका लहानशा लिंबाएवढं. दाबाच्या भाषेत पंखाच्या वरच्या आणि खालच्या हवेत सरासरी २७ पास्कलचा फरक पडला की झालं. जिन्याने एक मजला वर गेलात तर हवेचा दाब याहून जास्त उतरतो! आपल्याला जाणवतही नाही इतक्या फरकावर ते सबंध यंत्र तोललेलं असतं.

म्हणूनच पंखाचा आकार मिलिमीटरच्या हिशेबात जपावा लागतो. मोठ्या विमानाचा पंख लहान करून चालत नाही, कारण लहान आणि संथ पंखाला हवा जास्त चिकट भासते आणि पाठीवरून लवकर सुटते. एमआयटीचे प्राध्यापक मार्क ड्रेला यांनी अशाच मॉडेलांसाठी पंखाचे खास छेद आखले. विमानशास्त्राचा एवढा मोठा अभ्यासक या छोट्या पंखांसाठी वेळ देतो, यातच त्यांची अवघड गोडी कळते.

फोमचं तयार मॉडेल घेतलं तर दोन संध्याकाळींत उडायला सज्ज होतं. आपटलं तरी गोंदाने सांधता येतं, त्यामुळे शिकण्यासाठी तेच घ्यावं. पण दुसरं मॉडेल बाल्साचं बांधा. इक्वेडोरच्या जंगलातलं हे झाड वनस्पतिशास्त्राच्या वर्गवारीत ‘हार्डवुड’ आहे, आणि हाताला मात्र पिठासारखं हलकं लागतं. नकाशा टेबलावर पसरून त्यावर टाचण्यांनी एकेक रिब, म्हणजे पंखाची बरगडी, उभी करायची. मग स्पार, म्हणजे पंखाचा कणा: वर एक पट्टी, खाली एक पट्टी. उड्डाणात पंख वर वाकू पाहतो तेव्हा वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दोघींना एकमेकींपासून सरकू न देण्यासाठी मधे बाल्साचे पातळ तुकडे बसवतात, त्यांचे रेषे उभे ठेवून. रेषे आडवे ठेवले तर तेच लाकूड पहिल्याच झोताला दगा देतं. वजन तेवढंच, किंमत तेवढीच, फक्त तुकडा नव्वद अंशांत फिरवायचा. शेवटी इस्त्रीने फिल्म चिकटवली आणि ऊब दिली की ती आक्रसते आणि लुळा सांगाडा पखवाजाच्या पुडीसारखा ताठ होतो.

पंखांची टोकं वर उचललेली ठेवतात तेही उगीच नव्हे. शेपटीचं सुकाणू डावीकडे वळवलं की उजवा पंख पुढे सरकतो, उचललेल्या टोकामुळे त्याला वारा जास्त कोनात भेटतो, तो वर उठतो आणि मॉडेल आपसूक डावीकडे कलून वळण घेतं. एका सर्व्होत, म्हणजे सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरीत, दोन कामं. म्हणून पहिल्या ग्लायडरला सुकाणू आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी) एवढी दोनच नियंत्रणं पुरतात.

मोटरची बाब थोडक्यात. पाती घडीची घ्या आणि ईएससीमध्ये, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये, ‘ब्रेक’ चालू आहे याची खात्री करा. हा ब्रेक मोटर रोखतो, मग पाती वाऱ्यानेच मागे मिटतात. तो नसेल तर ती गरगरत राहतात आणि घसरगुंडीची लांबी खाऊन टाकतात. बॅटरी जोडल्यावर पात्यांसमोर हात नेऊ नका, कधीही नाही.

सगळं जमलं की तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून सहा-सात सेंटिमीटरवर (नेमका आकडा नकाशात असतो) दोन बोटांवर मॉडेल धरायचं. ते सपाट राहिलं पाहिजे. यासाठी शिसं लावण्याआधी बॅटरी पुढेमागे सरकवून पाहा. हवेतली परीक्षा आणखी सुंदर आहे. बऱ्याच उंचीवर मॉडेलला हलका सूर मारायला लावायचा आणि हातातल्या रिमोटवरची एलिव्हेटरची काडी सोडून द्यायची. ते झटकन वर उसळलं तर नाक जड आहे, आणखी खाली खुपसलं तर शेपटी जड. हळुवार, जणू विचार करत, स्वतःहून सरळ झालं की तोल साधला.

उडवायची जागा विमानतळापासून दूर, मोकळी हवी. भारतात ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर हिरवा पट्टा पाहून घ्या. तिथली मर्यादा ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर. आपले शंभर मीटर तिच्या आतच बसतात.

आणि एवढी उंची पुरते. एफ५जे नावाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तर मोटर तीस सेकंदांहून जास्त चालवताच येत नाही. मॉडेलमधलं उंचीमापक सगळं नोंदवतं आणि जितके वर चढाल तितके गुण कापले जातात. तिथले पट्टीचे वैमानिक मुद्दाम खालीच मोटर मिटवतात आणि दहा मिनिटं काढून दाखवतात, ती वर चढणाऱ्या ऊन हवेच्या जोरावर.

ही हवा दिसत नाही, तिच्या खुणा दिसतात. नांगरलेली काळी जमीन, पत्र्याची छपरं, उन्हात भिरभिरणारी वावटळ. कधी पाठीमागून अचानक झुळूक येते, कारण समोर कुठेतरी हवा वर निघाली आहे आणि तिची जागा भरायला भोवतालची हवा धावते आहे. मग मॉडेलचा एक पंख कुणी बोटाने उचलावा तसा किंचित वर होतो. नवख्याला वाटतं ते कलंडलं, आणि तो उलट्या बाजूला वळवतो. वळायचं असतं उचललेल्या पंखाकडे, कारण उचलणारा तिथेच आहे. गोल घ्या, लहान घ्या, मोटरला हात लावू नका. तिथे आधीच एखादी घार फिरत असेल तर ती ज्या दिशेने फिरते आहे त्याच दिशेने फिरा. ती तिथे आधी आलेली आहे.