मोबाईलवर गिटार शिकताय? आधी मंदिरातल्या पेटीजवळ बसा

घनसावंगी : गिटार घेतली, यूट्यूब लावलं आणि दुसऱ्याच दिवशी 'सी मेजर स्केल' आली की गाडी अडते. गावाकडच्या बऱ्याच पोरांची गिटार इथंच खुंटीला लागते. खरं तर ही स्केल त्यांच्या कानात आधीपासूनच आहे. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांबसमर्थ ज्या तालुक्यात, तिथं भजन न ऐकता वाढलेलं पोरगं सापडणं अवघड. सगळे शुद्ध स्वर घेऊन सा रे ग म प ध नी सा म्हटलं की झाली मेजर स्केल. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी मांडलेल्या दहा थाटांपैकी हा बिलावल.

पेटीवर एका सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून १२ पट्ट्या असतात. गिटारवर एक फ्रेट पुढं जाणं म्हणजे पेटीवर लगतच्या पट्टीवर जाणं, मग ती काळी असो की पांढरी. सुरुवातीला एकच तार धरायची. मोकळी तार सा मानली तर रे दुसऱ्या फ्रेटवर, ग चौथ्या, म पाचव्या, प सातव्या, ध नवव्या, नी अकराव्या आणि वरचा सा बाराव्या फ्रेटवर. बाराव्या फ्रेटवर तारेची लांबी निम्मी होते, म्हणून तिथं वरचा सा लागतो. मधे उरलेली पाच घरं म्हणजे कोमल रे, ग, ध, नी आणि तीव्र म. हात बसला की म आणि नी गाळून वाजवायचं, भूप रागाचे स्वर मिळतात. यूट्यूबवाले ज्याला 'मेजर पेंटॅटोनिक' म्हणून मोठं करून सांगतात, ते हेच.

भजनाला साथ करताना मात्र पट्टी जुळवावी लागते. पेटीवाला 'काळी एक' म्हणतो, मोबाईल 'सी शार्प' म्हणतो, दोन्ही एकच. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी चार म्हणजे एफ. गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे पट्टी बदलते. अशा वेळी कापो कामी येतो. सी मेजरचे कॉर्ड येत असतील तर काळी एकसाठी कापो पहिल्या फ्रेटवर, काळी दोनसाठी तिसऱ्या, पांढरी चारसाठी पाचव्या. बोटं तीच ठेवायची.

तरी बेसूर वाटलं तर पोरगं स्वतःलाच दोष देतं. पण मोबाईलचा ट्यूनर सहसा ए म्हणजे ४४० हर्ट्झ धरतो, आणि मंदिरातली जुनी पेटी त्यापेक्षा थोडी चढी किंवा उतरलेली असू शकते. पेटी जागेवर बदलता येत नाही, गिटारची खुंटी पिळता येते. म्हणून भजनाआधी ट्यूनर बंद करायचा. पेटीची पांढरी सहा दाबून धरायची आणि जाड बाजूकडून दुसरी तार तिच्याशी मिळवायची. मग त्याच तारेचा पाचवा फ्रेट दाबून पुढची मोकळी तार जुळवायची, तिच्या पाचव्यावर त्यापुढची. जी तारेवरून बी तार मिळवताना तेवढा चौथा फ्रेट. शेवटची बारीक तार पुन्हा पाचव्यावरून. सगळ्यात जाड तारेच्या पाचव्या फ्रेटवर पांढरी सहाचाच स्वर यायला हवा.

मींड मात्र पेटीवर निघत नाही. पेटीवरच्या आक्षेपांत तोही होता. आकाशवाणीनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. गिटारची तार बोटानं ओढली की सूर घसरत वर जातो, पेटीवाल्यालाही ते ऐकायला आवडेल.