चिनी चहाचा सुगंध आणि आमची मसाल्याची खोली

आज चहाबद्दल बोलायचंय. तुम्ही म्हणाल, चहाबद्दल ही काय नवीन सांगणार? पण हा आपला आलं घालून उकळलेला दुधाचा चहा नव्हे. हा चीनमधला ऊलाँग चहा. तो आमच्या गटात कसा पोचला ते आधी सांगते.

गटातल्या एका काकूंचा मुलगा बोटीवर स्वयंपाकी आहे. दिवाळीला आला तेव्हा त्याने आईसाठी लाल रंगाचा एक पत्र्याचा डबा आणला. आत चकचकीत कागदाच्या छोट्या पुड्या, हवा काढून दगडासारख्या घट्ट केलेल्या. काकूंनी आमच्यासाठी म्हणून बऱ्याच पुड्या कापल्या, चहा प्लॅस्टिकच्या बरणीत भरला आणि बैठकीला सोपं पडावं म्हणून ती बरणी आमच्या मसाल्याच्या खोलीत ठेवली. शेजारी कांदा-लसूण मसाल्याची पिंपं. तीन आठवड्यांनी बैठक झाली, चहा केला, आणि पहिल्याच घोटाला सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं. चहाला लसणाचा वास! काकू ओशाळल्या. घरून न फोडलेली एक पुडी आणली. ती कापली आणि खोलीत फुलांचा वास दरवळला. एकच चहा, एकाच डब्यातला.

त्या दोन कपांकडे बघताना मला आमचा मागच्या पावसाळ्यातला गवती चहा आठवला. त्याचं शेवटी सांगते. आधी या पानांची ओळख करून घेऊ.

या चहाचं नाव तिएगुआनयिन. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर, तैवानच्या समोर, फूजिएन नावाचा प्रांत आहे. त्यातला आनशी हा डोंगराळ तालुका याचं मूळ गाव. लाल, आम्लधर्मी माती, धुकं आणि पाऊस. आपण पितो तो चहा, हिरवा चहा आणि हा ऊलाँग, तिन्ही एकाच जातीच्या झाडाचे. फरक आहे तो खुडल्यानंतर पानाचं काय करतात त्याचा. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना? चहाचं पान दुखावलं की त्यातही तसंच होतं. रस हवेला लागतो, रंग बदलतो, वास बदलतो. हिरव्या चहात पान लगेच तापवून ही क्रिया थांबवतात. आपल्या दाणेदार चहात पान यंत्रात चुरडून ती पूर्ण होऊ देतात. ते चुरडायचं यंत्र १९३० च्या दशकात आसामात आलं आणि आपला चहा कडक झाला. ऊलाँग मात्र अर्ध्या वाटेवर थांबवलेला चहा.

थांबायचं कुठे, हीच तर कला. यासाठी अगदी कोवळी कळी खुडत नाहीत. कळी उमलून पान जरा जून झालं की वरची दोन-तीन पानं देठासकट घेतात. दिवस उघडीपीचा लागतो. दुपारनंतरच्या मऊ उन्हात पानं पसरतात, मग सावलीत घेतात. पुढे रात्रभर काम चालतं. बांबूच्या गोल पिंपात पानं घालून फिरवायची, की कडा एकमेकींवर घासतात. मग सुपात पसरून काही तास विसावा द्यायचा. पुन्हा फिरवायची, पुन्हा विसावा. असं तीन-चार वेळा. पानाच्या कडा तांबूस होतात, मधला भाग हिरवा राहतो. आणि गंमत अशी, की खुडलेलं पान लगेच मरत नाही. त्याला घासलं, वाळवलं, की ते जणू आपला बचाव करत सुगंधी द्रव्यं तयार करत जातं. फुलांचा वास येतो तो त्यातूनच. वरून अत्तर लावलेलं नसतं. जाणकार माणूस रात्रीत पुनःपुन्हा वास घेत बसतो. हवा तो वास आला की पानं तापलेल्या पिंपात टाकतात आणि क्रिया तिथेच थांबते.

मग पानं फडक्यात घट्ट बांधून, गाठोडं करून मळतात. सोडायची, गरम करायची, पुन्हा बांधायची, कितीतरी वेळा. त्यानेच पानाची चुरगळलेली, घट्ट, वजनदार गोळी होते. शेवटी वाळवतात. आणि मग ते काम, जे वाचून मला आपल्याच ओसरीची आठवण झाली. वाळलेल्या चहाचे ढीग टेबलावर ओतून बायका एकेका गोळीला राहिलेला देठ हाताने खुडून काढतात. तासन्‌तास. आपण तांदूळ निवडतो तसं. डब्यावर मात्र चित्र असतं ते डोंगराचं.

नावाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 'तिए' म्हणजे लोखंड. 'गुआनयिन' ही चीनमधली करुणेची देवी. पण ती मुळात आपल्याकडची, बरं का. बौद्ध धर्मातला अवलोकितेश्वर बोधिसत्त्व चीनला गेला आणि शतकांच्या ओघात तिथे त्याला बाईचं रूप आलं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ धरलेला पद्मपाणी तुमच्यापैकी काहीजणींनी सहलीत पाहिला असेल. तोच अवलोकितेश्वर, आणि तीच गुआनयिन.

चहाला हे नाव कसं पडलं याच्या तिथे दोन कथा सांगतात, दोन्ही अठराव्या शतकातल्या, दोन्ही आनशीतल्या शीपिंग भागातल्या. एक वेई घराण्याची. वेई यिन नावाचा शेतकरी रोज सकाळी देवीपुढे चहा ठेवायचा. देवीने स्वप्नात खडकातलं एक झुडूप दाखवलं. त्याने ते आणून फुटक्या लोखंडी कढईत लावलं. दुसरी कथा वांग घराण्याची. वांग शिरांग या विद्वानाला ते झुडूप सापडलं, त्याचा चहा चिएनलोंग बादशहापर्यंत पोचला आणि पान लोखंडासारखं काळसर, जड म्हणून बादशहाने हे नाव दिलं. दोन्ही घराण्यांचे लोक अजून आपलीच कथा खरी म्हणतात. मला विचाराल तर कढईवाली आवडते. बादशहाने नाव ठेवल्याच्या गोष्टी गावोगावी असतात.

हे झाड नाजूक आहे. चवीला चांगलं पण लावायला अवघड, असं तिथले शेतकरीच म्हणतात. बी लावून आईसारखं झाड येत नाही, म्हणून दाब कलम किंवा छाट कलम करतात. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, तसंच. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने आनशीच्या या चहाशेतीला जागतिक कृषी वारसा म्हणून मान दिला. आपल्या काश्मीरचं केशरही त्याच यादीत आहे. त्याच वर्षी युनेस्कोने चीनच्या पारंपरिक चहा बनवण्याच्या कौशल्यांना वारशाच्या यादीत घेतलं, त्यात या चहाची पद्धतही आली.

आणि एक. फूजिएनच्या किनाऱ्यावरच्या बोलीत चहाला 'ते' म्हणतात. तिथल्या बंदरांतून डच व्यापाऱ्यांनी चहाबरोबर तो शब्दही नेला आणि इंग्रजांचा 'टी' झाला. चीनच्या बाकी बऱ्याच भागांत म्हणतात 'चा'. आपला चहा त्या घरातला.

हा चहा दूध-साखर न घालता पितात. एक पुडी साधारण सात-आठ ग्रॅमची. झाकणाच्या लहान भांड्यात, म्हणजे आपल्या एका छोट्या कपाएवढ्या पाण्यात, ती एका वेळी घालतात. पाणी उकळतं हवं. ओतायचं, अर्धा मिनिट थांबायचं, गाळून घ्यायचं. त्याच पानांवर पुन्हा पाणी. अशी सहा-सात पाणी निघतात आणि शेवटी बघाल तर ती गोळी उलगडून तळहातावर अख्खं पान पसरलेलं असतं. काकूंनी मात्र पहिला घोट घेऊन सांगितलं, "ह्याला काय चहा म्हणायचं पोरी, पाण्याला नुसतं अत्तर लावलंय." तिसऱ्या पाण्याला त्यांनी पुन्हा कप पुढे केला, तेही सांगायला हवं.

हा चहा वजन उतरवतो असं सांगून शहरात महाग विकतात. त्याच्या नादी लागू नका. उलट लक्षात ठेवायचं ते हे, की कुठलाही चहा जेवणाबरोबर घेतला तर पालेभाज्या-कडधान्यांतलं लोह अंगी लागू देत नाही. आपल्यात रक्त कमी असलेल्या कितीजणी आहेत ते तपासणी शिबिरात कळतंच. जेवण आणि चहा यांत तासाभराचं तरी अंतर ठेवा. गरोदर बाईने तर चहा बेतानेच घ्यावा.

आता साठवण, ज्यासाठी हा सगळा प्रपंच. वाळलेलं चहाचं पान म्हणजे कोरडा टीपकागद. त्यात सूक्ष्म पोकळ्या असतात, शेजारचा ओलावा आणि वास दोन्ही ते ओढून घेतं. चिनी लोकांनी या खोडीचा उपयोगही केला. याच फूजिएनमधल्या फूचौ शहरात चहाच्या पानांत मोगऱ्याच्या जातीची ताजी फुलं रात्रभर मिसळून ठेवतात, सकाळी फुलं काढून टाकतात, वास पानात राहतो. ठरवून केलं तर मोगरा, न ठरवता झालं तर लसूण.

पानाचे वैरी पाच: ओल, परका वास, उजेड, उष्णता आणि हवा. पण कोणत्या चहाला कसं जपायचं हे तो किती भाजला आहे यावर असतं. काकूंचा होता तो हलका, हिरवट, फुलांच्या वासाचा. तो सर्वांत नाजूक. म्हणून तर कारखान्यातच हवा काढून एका वेळेपुरत्या पुड्या करतात. त्या फ्रिजमध्ये ठेवतात आणि वर्षाच्या आत संपवतात. फ्रिजमध्ये बोंबील किंवा चिरलेला कांदा असेल तर पुड्या आणखी एका घट्ट डब्यात घालायच्या. आणि पुडी बाहेर काढली की लगेच कापायची नाही. आधी खोलीइतकी होऊ द्यायची, नाहीतर गार पानांवर दव धरतं आणि सगळी मेहनत पाण्यात. ही चूक माझ्याच हातून झाली आहे.

दुसरा प्रकार भाजलेला, तपकिरी, खमंग. भाजण्यात ओल निघून गेलेली असते. त्याला फ्रिज नको. पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा आणि अंधारं, कोरडं कपाट पुरे. तिसरा प्रकार मुद्दाम वर्षानुवर्षं मुरवलेला. तो मधूनमधून पुन्हा मंद भाजतात. त्यात फुलांचा वास उरत नाही, जुन्या लाकडासारखा, सुकामेव्यासारखा येतो. तिघांनाही लागू पडणारी परीक्षा आपल्या आयाबायांना माहीत आहेच: राहिलेला देठ वाकवून बघा. कट्‌कन तुटला तर कोरडा, लवला तर ओल धरली.

तर आमचा गवती चहा. अठरा किलो. सावलीत वाळवलेला, कापून, पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरलेला. शहरातल्या दुकानदाराने तो परत पाठवला, मसाल्याचा वास येतो म्हणून. आम्हाला वाटलं, पैसे बुडवायचं निमित्त. मग माल हुंगला तर वास खरंच होता. झालं, सगळ्यांनी भरणी करणाऱ्या ताईला धरलं: मसाल्याचे हात न धुता भरलास. ती रडून सांगत होती, साबणाने धुतले होते. कोणी ऐकलं नाही. नुकसानीतला मोठा वाटा तिच्या बचतीतून कापला आणि ती बैठकीला यायची बंद झाली. आणि तो माल दीड महिना मसाल्याच्या खोलीत ठेवायचा, दुसऱ्या खोलीचं भाडं वाचवायचं, हे ठरवलं होतं कोणी? मी. वहीत माझी सही आहे.

काकूंच्या बरणीने ते दाखवलं. बरणीला तर कोणीच मसाल्याचे हात लावले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी आणि काकू तिच्या घरी गेलो. ती बरणी नेली आणि एक न फोडलेली पुडी. मी काय घडलं ते सांगितलं, चूक माझी होती हे सांगितलं, आणि तिच्या बचतीतून कापलेली रक्कम परत जमा करण्याचा ठराव बैठकीत मांडणार असल्याचंही सांगितलं. तिने आधी बरणी हुंगली, मग पुडी कापून हुंगली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पंधरा दिवसांनी हुंगली असतीत तर बरं झालं असतं, ताई. वर्ष गेलं." ठराव मंजूर झाला. आता गवती चहा तिच्याच घरातल्या आतल्या खोलीत, पत्र्याच्या डब्यांत राहतो आणि खोलीचं भाडं गट तिला देतो. चाव्या तिच्याकडे असतात.