रात्रीचं पाणी आणि दुसरा माणूस

सभासद बंधू-भगिनींनो,

बेणे, लागण, हुमणी, पाचट यांविषयी आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या वेळी उसाविषयी नाही, तर उसाला पाणी देणाऱ्या माणसाविषयी लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटातील एक सभासद रात्रीच्या लाईटवर आडसाली उसाला दारे धरायला गेले. बारा वाजता मोटार सुरू झाली. तासाभराने बांधावरून पाय घसरला, ते चारीत पडले आणि मांडीचे हाड मोडले. फोन खिशातच होता, पण पाण्यात भिजून बंद पडलेला. घरच्यांना वाटले, लाईट आहे तोवर येणार नाहीत, म्हणून सगळे निवांत झोपले. सकाळी पाणी रस्त्यावर आले, तेव्हा शेजाऱ्याने आत जाऊन पाहिले. पाच तास माणूस हाका मारत होता. पण उभ्या उसात हाक किती लांब जाते, हे आपण सगळे जाणतो. जीव वाचला, मात्र पाय पहिल्यासारखा झाला नाही.

मोटेच्या काळात असे होणे अवघड होते. मोटेवर एक जण बैल हाकी आणि दुसरा दारे धरी. गाणे थांबले की दाऱ्यावरचा मान वर करून पाही. पाणी भलतीकडे चालले की मोटेवरचा हाक देई. दोघे एकमेकांचा भोंगाच होते म्हणा ना! पुढे इंजिन आले, विजेची मोटार आली. कष्ट कमी झाले हे खरेच. पण मोटारीबरोबर तो दुसरा माणूस शेतातून गेला, आणि त्याची जागा कशानेच भरली नाही. त्यात शेतीची थ्री फेज लाईट पाळीने येते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. पाटाचे आवर्तनही रात्र बघत नाही.

कारखान्यात, खाणीत, तेलाच्या टाक्यांवर एकट्याने काम करणाऱ्यांसाठी आता गजराची यंत्रे निघाली आहेत. ती मुख्यतः तीन तऱ्हेची असतात. पहिल्या तऱ्हेत माणूस संकटात बटण दाबतो. दुसऱ्या तऱ्हेत माणूस आडवा पडून हालेनासा झाला, की यंत्र आपणहून गजर देते. तिसरीत ठरल्या वेळी ‘ठीक आहे’ अशी खूण आली नाही, की गजर होतो. आपल्या रेल्वेच्या इंजिनातही असेच आहे. ड्रायव्हरने ठराविक वेळात काहीच हालचाल केली नाही तर आधी इशारा होतो, आणि तरीही तो गप्प राहिला तर ब्रेक लागतात.

यातली बटणाची सोय आपल्या फोनमध्येही आहे. १ जानेवारी २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला ती बंधनकारक झाली. साध्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरायचा. स्मार्टफोनवर पॉवरचे बटण झटपट तीनदा दाबायचे, म्हणजे ११२ ला कॉल जातो. काही फोनवर पद्धत थोडी वेगळी असते, तेव्हा मुलाकडून एकदा समजून घ्यावे.

पण बटणावर सगळी भिस्त ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ओल्या हाताने स्टार्टर धरला आणि शॉक बसला, तर बटण दाबणार कोण? मण्यार चावली तर बरेचदा फारसे दुखतही नाही. सरी भरेपर्यंत बांधावर आडवा झालेला माणूस ‘किडा चावला असेल’ म्हणून कूस बदलतो, आणि पुढे डोळे उघडेनात, श्वास चालेना अशी वेळ येते. बिबट्याचेही तसेच. अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात शेतीच्या पट्ट्यात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. तो बहुधा माणसाला टाळतो, पण वाकलेल्या, बसलेल्या माणसावर मागून आला तर फोन काढायला सवड मिळत नाही. म्हणून आपल्या कामाला तिसरी तऱ्हा योग्य, जिच्यात हाक आली नाही हाच गजर!

आता प्रश्न असा, की रात्रभर जागून ही हाक ऐकणार कोण? बायकामाणसांना दिवसभराच्या कामानंतर जागे ठेवणे बरे नाही. पण एका डीपीवरच्या सगळ्यांची लाईट एकाच वेळी येते. म्हणजे तुम्ही जागे असता तेव्हा शेजारचे दोघे-तिघे आपापल्या मळ्यात जागेच असतात. तोच आपला दुसरा माणूस. आम्ही सुचवतो ते असे :

(१) एका डीपीवरच्या तिघा-चौघांनी गट करावा. कोण कोणत्या प्लॉटवर आहे, कोणत्या वाटेने जाणार, हे निघण्यापूर्वी सांगावे.

(२) दर तासाला एक मिस्ड कॉल द्यावा. पंधरा मिनिटे उशीर झाला तर समोरच्याने फोन करावा. दोनदा उचलला नाही, तर दोघांनी मिळून बॅटरी व काठी घेऊन निघावे आणि घरी कळवावे. ‘झोपला असेल’ असे म्हणू नये.

(३) माणूस मोटारीजवळ पडलेला दिसला, तर आधी मेन स्विच पाडावा, मगच हात लावावा.

(४) रुग्णवाहिकेसाठी १०८, बिबट्यासाठी वनविभागाचा १९२६, इतर संकटात ११२ हे क्रमांक स्टार्टरच्या पेटीवर रंगाने लिहावेत. गट नंबर व जवळची खूणही लिहावी, कारण घाईत पत्ता सांगता येत नाही.

(५) साप चावल्यास कापू नये, आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता थेट दवाखाना गाठावा.

(६) फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरच्या खिशात ठेवावा. रेंज नसेल तिथे शिट्टी गळ्यात असावी.

एक गोष्ट जरा स्पष्टच लिहितो. पुष्कळदा दारे धरायला मालक नसतो, सालगडी असतो. त्याच्या फोनमध्ये पैसे आहेत का, बॅटरीत सेल आहेत का, पायात बूट आहेत का, हे पाहणे मालकाचे काम आहे. त्याची हाक चुकली तर त्याच घाईने निघावे, जसे आपल्या मुलासाठी निघू. आमचे शेतकी मदतनीसही नोंदीला एकटेच उसात शिरतात. त्यांनाही हाच नियम लागू राहील.

रात्रीचे पाणी बंद झाले तर उत्तमच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. ज्यांच्या फीडरवर त्यामुळे दिवसा लाईट मिळते, त्यांनी सवयीने रात्री जाऊ नये. ठिबक केल्यास सरीसरीने हिंडण्याचे कारण उरत नाही. पण तोवर अंधारात जावे लागणारच आहे.

‘आम्हाला सवय आहे, काय होतंय?’ असे पुष्कळ जण म्हणतात. त्या सभासदांनाही सवय होतीच. एक सरी कोरडी राहिली तर पुढच्या पाळीला भिजेल. पुढच्या रात्रपाळीआधी डीपीवर बसून गट तेवढा ठरवून टाका, ही विनंती.

कळावे,
ऊस विकास अधिकारी