मागास भागाची सवलत आणि लहान मागवाला

कापसाच्या गाठी विदर्भातून निघतात आणि कापड विणले जाते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत. पिकवणाऱ्या मुलखाच्या हाती विणकामाची मजुरी फारशी पडत नाही. हा असमतोल कमी करण्यासाठी सरकारने दोन रस्ते धरले. आपल्या व्यापारी बांधवांनी ते दोन्ही समजून घ्यावेत.

पहिला रस्ता सरकारी खर्चाचा. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांची समिती नेमली गेली. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य यांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, हे तिने मोजले. या तुटीला 'अनुशेष' म्हणतात. १९८४ च्या अहवालात तो सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला. पुढे घटनेच्या कलम ३७१(२) प्रमाणे १९९४ साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

दुसरा रस्ता सवलतीचा. १९६४ पासून राज्यात सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू झाली. तीत तालुक्यांचे गट पडले. मुंबई-पुण्याकडचा विकसित भाग 'अ' गटात. तालुका जितका मागास, तितकी सवलत जास्त. पूर्वी विक्रीकर माफ होई किंवा लांबणीवर पडे. २०१७ साली जीएसटी आल्यावर राज्याच्या वाट्याच्या करावर अनुदानाचा हिशोब होऊ लागला.

इथेच लहान माणसाची अडचण आहे. दुसऱ्याचे सूत मजुरीवर विणणाऱ्याचा कर तो कितीसा? शिवाय भांडवल आधी घालावे लागते, अनुदान मागाहून येते.

आम्हीही एकदा माग मागास तालुक्यात नेण्याचा विचार केला होता. कागदावर नफा दिसला. पण जवळ सायझिंग नाही, जॉबर नाही, सूत आणायचे लांबून आणि ग्रे कापड पुन्हा बाजारात न्यायचे. भाड्यातच सवलत संपत होती. आम्ही बेत सोडला.

तेव्हा सवलतीचा टक्का पाहण्याआधी वीज, सायझिंग, कारागीर आणि वाहतूक यांचा हिशोब मांडा. सरकारनेही एकट्या मागाला न बोलावता हा सगळा कारोबार एकत्र वसवावा. तरच कापसाच्या गावात कापड विणले जाईल आणि तिथल्या तरुणाला मजुरीसाठी घर सोडावे लागणार नाही.